परीक्षा तुमची नाही, काका!

‘वेबसाइट’ला मराठीत ‘संकेतस्थळ’ हा शब्द ज्या कोणी सुचवला, तो माणूस एक तर फार भोळा असावा किंवा फार इरसाल. जुन्या वाङ्मयात संकेतस्थळ म्हणजे प्रियकर-प्रेयसीने चोरून भेटायची ठरवलेली जागा. तिथे एकाने वेळेवर जाऊन ताटकळायचं आणि दुसऱ्याने यायचंच नाही, ही पूर्वापार रीत. आमच्या बँकेचं संकेतस्थळ ही रीत इमानेइतबारे पाळतं. गिऱ्हाईक रात्री घरातली निजानीज झाल्यावर मोबाइल छातीशी धरून वाट बघत बसतं आणि ओटीपी काही येत नाही.

बँकेचं नाव मी इथे सांगणार नाही. मला अजून तेरा वर्षं नोकरी करायची आहे आणि निवृत्तीपर्यंत सुखरूप पोहोचायचं आहे. एवढंच सांगतो की मी बी.कॉम. आहे, राहतो पालघरला आणि क्लार्क आहे बोईसर शाखेत. सकाळी पालघरला गाडीत चढायचं, उमरोळी आलं की दाराशी सरकायचं आणि बोईसरला उतरायचं. प्रवास इतका लहान की बसायला जागा मागण्याआधीच तो संपतो. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्ह्याचं ठिकाण झालं, तेव्हापासून रोज जिल्ह्याचं ठिकाण सोडून बाहेर नोकरीला जाणारा माणूस म्हणून मी थोडा संशयास्पदही झालो आहे.

बोईसरला आमचे सासरे राहतात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. तारापूरच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात पॅनेलसमोर काढली. शंभर दिवे, पन्नास काटे आणि त्यांच्यासमोर अण्णा. अशा माणसाने गेल्या पावसाळ्यात एक गोष्ट केली आणि ती आम्हाला दोन महिन्यांनी कळली.

झालं असं. अण्णांची एक ठेव होती. तिचं व्याज दरमहा खात्यात यायचं आणि त्यातून त्यांच्या औषधांचं बिल भागायचं. ठेवीची मुदत संपली. जावई बँकेत असताना त्याला त्रास कशाला, म्हणून अण्णांनी घरबसल्या आमच्या संकेतस्थळावर ती पुन्हा एक वर्षासाठी ठेवली. निदान त्यांना तसं वाटलं. प्रत्यक्षात ठेव ठेवलीच गेली नव्हती आणि व्याज बंद झालं होतं. अण्णा गप्प. एकदा सौभाग्यवती माहेरी गेली तेव्हा तिला अण्णा रक्तदाबाची गोळी सुरीने अर्धी करताना दिसले. “डॉक्टरांनी कमी केली का?” तिने विचारलं. अण्णा म्हणाले, “नाही गं. व्याज आलं नाही, म्हणून मी कमी केली.”

त्या संध्याकाळी मी ठेवीचं काम पाच मिनिटांत उरकून दिलं आणि वर जावयाला न शोभेल असं व्याख्यानही दिलं. “अण्णा, इतकं सोपं आहे हो! शेवटचं बटण दाबायचं राहिलं तुमचं. वाचायचं नाही का नीट?” अण्णा म्हणाले, “खरंय. वयामुळे आता काही सुधरत नाही.” मी मान हलवली. फाइल बंद. चूक कोणाच्या खाती टाकायची हे बँकेत फार पटकन ठरतं. ज्याच्या नावाचा चेक, त्याच्याच नावाची चूक.

पुढे दिवाळीनंतर मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मुख्य कार्यालयातून पत्र आलं होतं. संकेतस्थळ नव्याने बांधायचं चाललं होतं आणि जुनं लोकांना वापरता येतं की नाही याची चाचणी आमच्या शाखेत व्हायची होती. साहेबांना हे काही पटलं नव्हतं. “अहो, ते बनवताना मुख्य कार्यालयात डझनभर बैठका झाल्यात. सगळ्या अधिकाऱ्यांनी वापरून पाहिलंय. सगळ्यांना जमतं.” हे म्हणजे स्वैपाक करणाऱ्यानेच जेवून ‘झकास झालंय’ म्हणण्यासारखं. पण मी क्लार्क असल्यामुळे ‘हो ना, साहेब’ म्हणालो.

दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असताना, एक मुलगी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. पवईच्या आयआयटीत आयडीसी म्हणून औद्योगिक आरेखन शिकवणारी संस्था आहे, 1969 सालची, तिथे ती शिकलेली. आमच्या तारापूरचं अणुवीज केंद्रही 1969 मध्येच सुरू झालं. हे मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती “हो का?” म्हणाली आणि तिने कामाला लागायची तयारी केली.

“माणसं किती बोलावलीत?” तिने विचारलं.

“पाच. तुम्हीच सांगितलं होतं. पण मॅडम, आमचे खातेदार हजारांनी आहेत. पाचांत काय कळणार?”

तेव्हा तिने मला याकोब निल्सन हे नाव सांगितलं. डेन्मार्कचा हा गृहस्थ अमेरिकेत या विषयाचा मोठा माणूस. त्याने आणि थॉमस लँडाउअर यांनी 1993 साली बऱ्याच चाचण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा एक माणूस बसवला की सरासरी 31 टक्के अडचणी उघड होतात, असं निघालं. दुसरा माणूस त्यातल्याच काही पुन्हा दाखवतो आणि काही नव्या.

मला एकदम गहिवरून आलं. हा तर आमचा घसारा! घटत्या शिल्लकेवर, दर 31 टक्के. मी पेन काढला. न सापडलेल्या अडचणी 100. पहिल्या माणसानंतर उरल्या 69. दुसऱ्यानंतर 47.61. मग 32.85, मग 22.67 आणि पाचव्यानंतर 15.64. म्हणजे पाच माणसांत जवळजवळ 85 टक्के अडचणी पकडल्या! बी.कॉम.ला शिकलेला घसारा वीस-पंचवीस वर्षांनी असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मुलगी हसली. म्हणाली, “यावर पुढे बऱ्याच जणांनी हरकती घेतल्यात. हा दर सगळीकडे 31 नसतो. आणि पाच माणसं एकाच साच्याची असून चालत नाही. म्हणून तर वेगवेगळी मागवली.”

मग तिने मला नियम सांगितले. पहिला, खातेदाराला एक काम द्यायचं आणि ते करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं. मानसशास्त्रातली ही जुनी युक्ती 1982 मध्ये आयबीएमच्या क्लेटन लुईस यांनी कॉम्प्युटरच्या कामासाठी मांडली. दुसरा नियम, त्यांना आधी सांगायचं की परीक्षा तुमची नाही, वेबसाइटची आहे. आणि तिसरा नियम माझ्यासाठी. मी कोपऱ्यात बसून नोंदी करायच्या, पण तोंड उघडायचं नाही.

“अडले तरी?”

“अडले तरच तर आपल्याला कळणार.”

“त्यांनी विचारलं, आता काय करू?”

“तर मी विचारेन, तुम्हाला काय करावंसं वाटतं?”

हे उत्तर मला ओळखीचं वाटलं. आमच्या बँकेत लोन मागणाऱ्याला वर्षानुवर्षं हेच ऐकायला मिळतं.

पहिली आली सातपाटीची मावशी. बोईसरच्या बाजारात मासळी विकते आणि तिथून थेट आली होती. शाखेला एकदम सुरमईचा वास आला. मनातलं मोठ्याने बोला, हे तिला शिकवावं लागलं नाही. तिला थांबवावं लागलं. तिला मुलीने आधी कार्डांचा खेळ दिला. संकेतस्थळावरच्या एकेका गोष्टीचं एकेक कार्ड. जे जे एकत्र असावंसं वाटतं त्याचा ढीग करायचा. पद्धत अशी की माल कुठल्या फळीवर ठेवायचा, हे दुकानदाराऐवजी गिऱ्हाइकाला विचारायचं. मावशीने तीन ढीग केले. “ह्ये माझे पैसे तुमच्याकडे. ह्ये तुमचे पैसे माझ्याकडे. आन् ह्ये काय ते तुमचं तुमी बघा, भाऊ.” येणं आणि देणं यातला फरक कळायला मला तीन वर्षं कॉलेजात जावं लागलं होतं. तिसऱ्या ढिगात होतं ‘प्रॉडक्ट्स’, ‘सोल्यूशन्स’ आणि ‘एक्सपीरियन्स’. आमच्या पहिल्या पानावर नेमके हेच तीन शब्द सगळ्यांत मोठ्या अक्षरांत होते.

दुसरा, कारखान्यात काम करणारा उत्तर प्रदेशातला तरुण. गावी पैसे पाठवायचे, हे त्याचं काम. तो हिंदी शोधत होता. हिंदी होती, पण ती निवडायचा शब्द इंग्रजीत लिहिलेला होता. कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवावी तसं. मी जिभेला दात लावून बसलो. माझा उजवा हात दोनदा आपोआप उठला. वीस-बावीस वर्षं ‘इथे सही, इथे तारीख’ दाखवणारं बोट ते. त्याला गप्प बसायची सवय नाही. शेवटी मुलीने माझ्या हातात एक स्टेपलर दिला.

तिसऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी अटी आणि नियम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. संकेतस्थळाच्या जन्मापासून ते वाचणाऱ्या त्या पहिल्याच असाव्यात. अकराव्या मिनिटाला संकेतस्थळाने त्यांना बाहेर काढलं, कारण त्या काहीच करत नव्हत्या. “वाचणं म्हणजे काही न करणं?” त्यांनी विचारलं. मुलीने ते शब्दशः लिहून घेतलं. बाईंनी एक चूकही काढली. पडद्यावर ‘यशस्वीरित्या’ लिहिलं होतं. “ऱ्हस्व नाही, दीर्घ! रीत्या! रीत म्हणजे पद्धत, तिच्यावरून आलाय शब्द.” मी मनातल्या मनात अंगठे धरले.

चौथा, विक्रमगडकडचा एक मुलगा. त्याचा अंगठा मोबाइलवर इतक्या वेगाने चालायचा की माझ्या नोंदी मागे पडल्या. हा पठ्ठ्या पास होणार असं वाटत असतानाच तो म्हणाला, “मॅडम, इथे नेट आहे म्हणून चाललं. आमच्या पाड्यावर ओटीपीचा मेसेज येईपर्यंत ही साइट बंद होते. मी टेकडीवर जाऊन करतो.” संकेतस्थळावर पोहोचायला टेकडी चढावी लागते हे ऐकून जुन्या कवींना बरं वाटलं असतं.

प्रत्येकाने शेवटी दहा वाक्यांचा एक कागद भरायचा होता. जॉन ब्रुक नावाच्या इंग्रज माणसाने 1986 मध्ये तो तयार केला. एक वाक्य स्तुतीचं, पुढचं तक्रारीचं, आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. त्यावरून शंभरपैकी आकडा निघतो. उत्तर प्रदेशातल्या तरुणाने दहाही वाक्यांना पाच-पाच दिले. “मॅडम इतनी दूर से आयी हैं,” तो म्हणाला. मी हिशेब केला तर आकडा आला बरोबर 50. सगळ्याला ‘हो’ म्हणणाऱ्याची स्तुती आणि तक्रार एकमेकांना खाऊन टाकतात. हा कागद बनवणारा माणूस क्लार्क नव्हता याचं मला वाईट वाटलं.

पाचवी व्यक्ती आलीच नाही. “कोणी ज्येष्ठ मिळतील का?” मुलीने विचारलं. मी घरी फोन केला. सौभाग्यवती म्हणाली, “अण्णांना बोलवा की.” मी जरा घुटमळलो. पण दहा मिनिटांत अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा पुसत, परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखे हजर.

मुलीने काम दिलं. “काका, समजा तुमच्या ठेवीची मुदत संपली आहे. ती पुन्हा एक वर्षासाठी ठेवायची.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टेपलरकडे पाहिलं.

अण्णा एकेक शब्द मोठ्याने वाचत पुढे गेले. ठेव निवडली. मुदत निवडली. रक्कम दोनदा तपासली. बटण दाबलं. पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली आणि खाली वाक्य आलं, ‘तुमची विनंती यशस्वीरित्या पाठवली आहे.’ अण्णांनी हात मांडीवर ठेवले. “झालं,” ते म्हणाले.

झालं नव्हतं. पडदा वर सरकवला की खाली, राखाडी रंगात, आणखी एक बटण होतं: ‘पुष्टी करा’. ते दाबल्याशिवाय ठेव पडत नव्हती. मी माझ्या नोंदी पाहिल्या. हेच काम मुलीने आधीच्या चौघांनाही दिलं होतं. मावशी हिरवी खूण पाहून “झ्यालं” म्हणून उठली होती. तरुण तिथेच थांबला होता. बाई ‘रित्या’वर अडकल्या त्या पुढे गेल्याच नाहीत. एक विक्रमगडचा मुलगा तेवढा अंगठ्याच्या झपाट्यात खाली पोहोचला होता. पाचांतले चार. आणि मी अण्णांना म्हणालो होतो, ‘वाचायचं नाही का नीट?’ त्यांनी नीट वाचलं होतं. वाचल्यामुळेच ते फसले होते.

मुलीने विचारलं, “काका, ठेव ठेवली गेली असं तुम्हाला कशावरून वाटलं?”

“हिरवं आलं ना,” अण्णा म्हणाले आणि एकदम ओशाळले. “म्हणजे... माझंच काहीतरी चुकलं असेल. मागेही चुकलं होतं.”

“नाही हो. परीक्षा तुमची नाही, काका. तुम्हाला जमलं नाही असं नाही. आम्हाला जमलेलं नाही.”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग पडद्यापासून मागे सरकून, पॅनेलसमोर बसत असतील तसे ताठ बसले. “मग सांगतो. हा दिवा खोटा आहे. विनंती पाठवल्याचा दिवा लावलात, काम झाल्याचा नाही. आमच्या कारखान्यात ही चूक चालायची नाही. 1979 साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडला काय झालं, माहीत आहे ना?”

मला माहीत नव्हतं. मुलीला माहीत होतं, पण ती गप्प राहिली. तिचा नियमच तो. अण्णांनी सांगितलं. 28 मार्च 1979 ला पेनसिल्व्हेनियातल्या त्या अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकून बसली. पॅनेलवरच्या दिव्याप्रमाणे ती बंद दिसत होती, कारण तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. तो फक्त ‘बंद हो’ हा हुकूम गेला की नाही एवढंच सांगत होता. हुकूम गेला, झडप हलली नाही, दिव्यावर विसंबलेली माणसं चुकत गेली. ती झडप उघडी आहे हे ध्यानात यायला दोन तासांहून जास्त वेळ गेला आणि तोवर अणुभट्टीचा गाभा वितळू लागला होता. “आमच्या शेजारी तारापूरची भट्टी. आमच्या पाळीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. आधी सगळे म्हणाले ऑपरेटर मूर्ख. मग चौकशी झाली, तेव्हा पॅनेलवरही ठपका आला.”

मुलगी म्हणाली, “निल्सनच्या दहा नियमांतला पहिला नियम हाच आहे, काका. 1994 सालचा. आत काय चाललंय ते माणसाला खरं आणि वेळेवर कळलं पाहिजे.”

“त्याला पंधरा वर्षं उशीर झाला,” अण्णा म्हणाले. पण त्यांना आवडलं होतं.

पुढचा तासभर अण्णांनी आमच्या संकेतस्थळाची पाळी घेतली. ‘रद्द करा’ आणि ‘पुढे जा’ ही बटणं एकाच आकाराची आणि शेजारी-शेजारी का? तेव्हा मुलीने त्यांना अमेरिकेतल्याच एका अणुवीज केंद्राची गोष्ट सांगितली. डोनाल्ड नॉर्मन यांच्या 1988 च्या पुस्तकात तिचा फोटो आहे. तिथल्या ऑपरेटरांनी सारख्या दिसणाऱ्या दोन दांड्यांत गफलत होऊ नये म्हणून त्यांच्यावर बिअरच्या नळाच्या निरनिराळ्या मुठी बसवल्या होत्या. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा बिअरच्या बाजूने बोलले. “शहाणी माणसं,” ते म्हणाले.

मुलगी संध्याकाळच्या गाडीने गेली. अण्णांना सोडायला मी चालत निघालो. नवापूर रोडवर नेहमीची ट्रकांची गर्दी होती. बोलायचं काय ते मला सुचत नव्हतं. बँकेत चूक दुरुस्त करायची पद्धत मला येते. ज्या खाती चुकून नावे पडलं त्या खाती तेवढंच जमा करायचं आणि खाली छोटी सही करायची. घरात ते कसं करतात हे बी.कॉम.ला नव्हतं. शेवटी म्हणालो, “अण्णा, त्या दिवशी मी उगाच बोललो. चूक तुमची नव्हती.”

“तुमचीही नव्हती, जावईबापू,” अण्णा म्हणाले. “फक्त ऑपरेटरला शिव्या देण्याआधी दिवा कुठे जोडलाय ते बघायचं. आणि जाताना केमिस्टकडे थांबू या. गोळ्या संपल्यात.”

या गोष्टीला बरेच महिने झाले. मुख्य कार्यालयात म्हणे पुन्हा बैठका झाल्या. ‘सोल्यूशन्स’ अजून आहे. ते जायला वेळ लागेल. पण एक दिवस अण्णांचा फोन आला. त्यांनी संकेतस्थळ उघडून पाहिलं होतं. आता तिथे पिवळ्या रंगात येतं, ‘ठेव अजून ठेवली गेलेली नाही. पूर्ण करण्यासाठी खालचं बटण दाबा.’ आणि ते बटण चांगलं ठसठशीत आहे.

“जावईबापू,” अण्णा म्हणाले, “तुमचा दिवा खरं बोलायला लागला.”

काउंटरवर मीही एक बदल केला आहे. कोणी फॉर्म चुकीचा भरून आणला की ‘असं नाही हो!’ म्हणायच्या आत स्टेपलर हातात घेतो. परवा लागोपाठ तीन जणांनी एकाच रकान्यात जन्मतारखेच्या जागी आजची तारीख लिहिली. पूर्वी मी तिघांनाही ऐकवलं असतं. या वेळी मी फॉर्मकडे बघितलं. रकान्यावर नुसतं ‘तारीख’ छापलं होतं.